हिरडी भरते कशी, आणि गोळी करते काय?

घरात कोणाला ताप आला की आपण बायका लगेच धावपळ करतो. मुलाचा कान दुखला तर रात्री बारा वाजता डॉक्टरांचं दार वाजवतो. पण स्वतःची दाढ ठणकायला लागली की लवंग दाबून धरायची आणि पोळ्या लाटत राहायचं, हा आपला शिरस्ता. दुखणं अंगावर काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही! अगदीच सहन होईना झालं की मग घरातल्या कोणाला तरी सांगायचं, "येताना मेडिकलमधून दाढदुखीच्या गोळ्या आणा." चार-सहा गोळ्या कागदाच्या पुडीत येतात. त्यात एक दुखणं थांबवणारी, एक अँटिबायोटिक आणि जमलंच तर एक पित्ताची. दोन दिवसांत ठणका बसतो. उरलेल्या कॅप्सूल फ्रिजवरच्या डब्यात जातात, पुढच्या वेळी जाऊबाईंना किंवा शेजारणीला उपयोगी पडतील म्हणून.

बचत गटांच्या बैठकांमध्ये आणि दाततपासणीच्या शिबिरांमध्ये गेली काही वर्षं मी बसते आहे. तिथे बायकांचे तीनच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "दाढ काढल्यावर अँटिबायोटिक घेतलं नाही तर जखम चिघळेल का?" "गोळी घेतली की बरं वाटतं, मग पुन्हा का सुजतं?" आणि "या गरम गोळ्यांनी हिरड्याच कमजोर होतात म्हणे, खरं का?" मैत्रिणींनो, तिन्ही प्रश्न शहाणपणाचे आहेत. त्यांची उत्तरं समजून घ्यायची तर आधी हिरडीची जखम भरते कशी, ते पाहायला हवं.

तोंडातली जखम

भाजी चिरताना बोट कापलं तर आपण पट्टी बांधतो, पाणी लागू देत नाही. तोंडात मात्र सदोदित ओलावा, गरम चहा, तिखट रस्सा आणि लाखो जंतूंची वस्ती. तरीसुद्धा तोंडातली जखम कातडीवरच्या जखमेपेक्षा लवकर भरते आणि व्रणही फारसा ठेवत नाही. याचं बरंचसं श्रेय जातं आपल्या लाळेला. लाळ नुसतं पाणी नव्हे. जंतूंना आवर घालणारे आणि नव्या पेशींना वाढायला मदत करणारे पदार्थ तिच्यात असतात. शिवाय हिरडीला रक्ताचा पुरवठाही भरपूर.

दाढ काढली की त्या खड्ड्यात रक्त साचतं आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे निसर्गाने बांधलेली पट्टीच. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेल्या पेशी उचलून नेतात, म्हणजे आधी झाडलोट. त्यामागून येतात 'फायब्रोब्लास्ट' नावाच्या पेशी. त्यांना हिरडीचे गवंडी म्हणा ना! या पेशी 'कोलॅजेन' नावाचे चिवट धागे विणतात. घर बांधताना जसा लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतात, तसा हा धाग्यांचा सांगाडा. त्यावर वरून हिरडीची नवी कातडी सरकत येते. आठवड्याभरात खड्ड्यात लालसर नवं मांस दिसू लागतं, साधारण तीन-चार आठवड्यांत वरचं तोंड मिटतं आणि आतलं हाड भरून यायला पुढे काही महिने लागतात.

गवंड्यांना माल लागतो. कोलॅजेन विणायला क जीवनसत्त्व हवंच. पूर्वी महिनोन्महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशांना ताजी फळं-भाजी मिळत नसे, तेव्हा त्यांच्या हिरड्या सुजून रक्त यायचं, दात पडायचे. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने आजारी खलाशांना संत्री-लिंबं देऊन पाहिली आणि ते भराभर सुधारले. आपल्याकडे आवळा, पेरू, लिंबू ही स्वस्त औषधं दारातच आहेत. पेरू चावायला जमत नसेल तर किसून खा, लिंबू वरणात पिळा. जखम ओली असताना नुसतं आंबट मात्र चघळू नका, झोंबेल.

गोळी नक्की कोणाला मारते?

अँटिबायोटिकचं काम एकच, जंतूंना मारणं किंवा त्यांची वाढ थांबवणं. जखम भरणं हे काम तिचं नाही, ते गवंड्यांचं. गोळी फार तर रस्त्यावरचे गुंड हटवते, भिंत बांधत नाही.

मग ती आपल्या हिरडीच्या पेशींना इजा करते का? हे औषधागणिक वेगळं आहे. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध. ते जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतं. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते. त्यामुळे हिरडीच्या पेशींना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन ही दुसऱ्या घराण्यातली औषधं जंतूच्या आतला प्रथिनं बनवणारा कारखाना बंद पाडतात. गंमत अशी, की आपल्या पेशींमध्ये जी छोटी छोटी वीजघरं असतात, त्यांच्यातला कारखाना जंतूंच्या कारखान्याशी मिळताजुळता आहे. म्हणून प्रयोगशाळेत काचेच्या बशीत हिरडीचे फायब्रोब्लास्ट वाढवून त्यावर या औषधांचा जास्त तीव्रतेचा डोस टाकला, तर पेशींची वाढ मंदावते.

हे वाचून घाबरून जाऊ नका. बशीतली पेशी उघडी पडलेली असते. तिच्या भोवती ना रक्त, ना लाळ. पोटातून घेतलेल्या गोळीतलं फारच थोडं औषध हिरडीपर्यंत पोहोचतं. तेव्हा "गोळीने हिरडी कमजोर होते" हे डॉक्टरांनी दिलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांबाबत खरं धरायचं कारण नाही. पण हीच गोष्ट उलटी करून पाहा. काही बायका कॅप्सूल फोडून तिची पूड दुखऱ्या हिरडीवर दाबतात. म्हणजे प्रयोगशाळेतली बशीच झाली की ती! भरपूर तीव्र औषध, थेट उघड्या पेशींवर. अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवणाऱ्याही आहेत. तिच्यातल्या आम्लाने हिरडी अक्षरशः भाजते, पांढरी पडते आणि सोलून निघते. लवंगेच्या निव्वळ तेलाचा बोळाही तासन् तास ठेवला तर तेच होतं. दाढेचं दुखणं राहतं बाजूला आणि हिरडीला नवी जखम. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

तोंड धुण्याच्या क्लोरहेक्सिडिन या औषधी पाण्याचंही असंच. ते अँटिबायोटिक नव्हे, जंतुनाशक आहे. काचेच्या बशीत ते हिरडीच्या पेशींना चांगलंच मारक ठरतं. तोंडात मात्र लाळेने पातळ होतं आणि दाढ काढल्यावर किंवा हिरडीच्या ऑपरेशननंतर, ब्रश फिरवता येत नाही तेव्हा, उपयोगी पडतं. म्हणून डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात. महिनोन्महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बदलते. टूथपेस्टने दात घासल्यावर लगेच ते घेऊ नये, अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर त्याचा असर कमी होतो.

एक उलटी गोष्ट

अँटिबायोटिक आणि हिरडी यांच्या नात्यात एक चक्रावून टाकणारी गोष्टही आहे. हिरडीचा जुना आजार असतो, ज्याला आपण पायोरिया म्हणतो, त्यात धागे तोडणारे नुसते जंतू नसतात. जंतूंशी लढता लढता आपलंच शरीर 'कोलॅजिनेज' नावाची कात्री चालवतं आणि स्वतःचेच धागे कापत सुटतं. मधुमेहात ही कात्री जास्तच चालते. अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठातले लॉर्न गोलब आणि त्यांचे सहकारी यांनी 1983 मध्ये मधुमेह असलेल्या उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं औषध ही कात्री बोथट करतं. जंतू अजिबात नसलेल्या उंदरांमध्येही तसंच झालं. म्हणजे हा गुण जंतू मारण्यापेक्षा वेगळाच! त्यातूनच डॉक्सिसायक्लिनची 20 मिलिग्रॅमची छोटी गोळी निघाली. 1998 मध्ये अमेरिकेत तिला पायोरियासाठी मान्यता मिळाली. इतक्या छोट्या डोसने जंतू मरत नाहीत, फक्त कात्री आवरते. अर्थात हीही गोळी दात आणि हिरड्या खोल साफ करून घेतल्यावर जोडीला द्यायची, तीही निवडक रुग्णांना आणि दातांच्या डॉक्टरांनीच. साफसफाईऐवजी नव्हे.

आणखी एक गोष्ट आपल्याशी जवळची. मेट्रोनिडाझोल हे औषध आधी योनिमार्गाच्या एका संसर्गासाठी वापरायचे. लंडनमध्ये ते घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्यांवर दुखरे व्रण होते. औषधाने तिचे ते व्रणही बरे झाले. तिने सांगितलेलं डॉक्टरांनी मनावर घेतलं आणि डेव्हिड शिन या दंतवैद्याने 1962 मध्ये 'लॅन्सेट' या साप्ताहिकात ते छापलं. आज जगभर हिरडीच्या काही आजारांत हे औषध दिलं जातं, त्यामागे एका बाईने डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट आहे. आपणही बारीकसारीक सांगायला लाजू नये, एवढं यातून घ्यावं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आता दुसरा प्रश्न. गोळीने बरं वाटतं, मग पुन्हा का सुजतं?

गोळीतलं औषध रक्तातून जातं. दाढ किडून आतली नस मेली की तिथे रक्तच पोहोचत नाही, मग औषध कुठून पोहोचणार? पू साचला असेल तर त्या पिशवीतही तीच कथा. आणि हिरडीखाली जो दगडासारखा टणक थर जमतो, त्यातले जंतू चिकट आवरणाखाली दडून बसतात. गोळी बाहेर फिरणारे चार जंतू मारते, सूज उतरते, ठणका थांबतो. मूळ घर मात्र शाबूत. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!

म्हणूनच अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं, की एरवी निरोगी असलेल्या मोठ्या माणसांच्या बहुतेक दातदुखीला अँटिबायोटिकची गरज नाही. गरज आहे ती दातावरच्या उपचाराची. पू काढणं, रूट कॅनाल करणं किंवा दाढ काढणं. अडकलेली अक्कलदाढ काढल्यावर सरसकट अँटिबायोटिक द्यावं का, याचाही जुन्या-नव्या अभ्यासांवरून 2021 मध्ये आढावा घेतला गेला. एका व्यक्तीचा संसर्ग टाळायला सुमारे 19 जणांना गोळ्या द्याव्या लागतात, असं त्यात दिसलं. निरोगी माणसाला सरसकट द्यायला एवढा फायदा पुरेसा नाही, असाच निष्कर्ष निघाला. तेव्हा डॉक्टरांनी दाढ काढून अँटिबायोटिक दिलं नाही, तर "हे कसले डॉक्टर" म्हणून नाक मुरडू नका. ते चांगले डॉक्टर आहेत.

आमच्या एका बचत गटातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंची गोष्ट सांगते. वय पन्नाशीच्या आसपास. खालच्या पुढच्या दातांची हिरडी सुजायची, दाबलं की पू यायचा. वर्षभरात तीनदा त्यांनी दुकानातून कॅप्सूल आणून घेतल्या. दर वेळी आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. शिबिरात दातांच्या डॉक्टरांनी हिरडी पाहिली आणि आधी बोट टोचून साखर तपासायला पाठवलं. साखर चांगलीच वाढलेली, आणि ताईंना त्याचा पत्ताच नाही! मधुमेहात पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, गवंडी रेंगाळतात, बारीक रक्तवाहिन्या आखडतात. जखम भरणार कशी? पुढे साखरेची गोळी सुरू झाली, हिरड्यांची खोल सफाई झाली. आता हिरडी शांत आहे, पण दोन दात गेले ते गेलेच. वर्षभर गोळ्यांनी दुखणं झाकलं गेलं, मधुमेहही झाकला गेला. सगळ्यांत मोठं नुकसान हेच.

गोळीची किंमत

अँटिबायोटिक चांगले-वाईट ओळखत नाही. पोटातले उपयोगी जंतूही मारतं, म्हणून जुलाब होतात. तोंडात आणि योनिमार्गात बुरशी वाढते, पांढरा थर येतो, खाज सुटते. पुष्कळ बायका त्यासाठी आणखी एक औषध घेतात, पण सुरुवात कुठून झाली ते ध्यानात येत नाही. काहींना पेनिसिलिनची जीवघेणी अ‍ॅलर्जी असते. टेट्रासायक्लिन गरोदरपणी किंवा आठ वर्षांखालच्या मुलांना दिलं तर बाळाचे दात कायमचे पिवळे-करडे होऊ शकतात. म्हणून शेजारणीच्या डब्यातली कॅप्सूल ना आपल्याला, ना लेकराला.

पेनिसिलिन शोधून काढणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. चूक नवऱ्याची, जीव गेला बायकोचा. ही कल्पना आज कल्पना राहिलेली नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

आपल्या सरकारने 2014 पासून काही जास्त ताकदीच्या अँटिबायोटिक्सची वेगळी यादी करून त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणं दुकानदारांना बंधनकारक केलं. 2016 मध्ये गोळ्यांच्या पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम काढली. लाल उभी रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. डब्यातलं पाकीट आज काढून पाहा, रेघ सापडेल.

न भरणाऱ्या जखमेकडे पाहा

सगळ्यात महत्त्वाचं आता. दात काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका एकदम वाढला, तोंडाला घाण वास आला, तर खड्ड्यातली गुठळी निघून गेली असण्याची शक्यता असते. आतलं हाड उघडं पडतं. तंबाखू वापरणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हे जास्त आढळतं. त्यावर इलाज आणखी अँटिबायोटिक नव्हे. डॉक्टरांकडे जाऊन खड्डा धुऊन आत औषध भरून घ्यायचं.

आणि मिश्रीबद्दल बोललंच पाहिजे. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण घरातली मिश्री तव्यावर भाजली जातेच आहे. "दात स्वच्छ होतात, कळ थांबते" म्हणून दिवसातून चार वेळा ती हिरडीवर चोळणाऱ्या बायका मी रोज पाहते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. निकोटीनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आखडतात, गवंडी पेशींची विणकाम करायची ताकद घटते. रक्त येणं थांबतं, म्हणून वाटतं हिरडी सुधारली. पण ती सुधारलेली नसते, उपाशी असते. त्याहून वाईट म्हणजे त्याच जागी कर्करोग होऊ शकतो. तो सुरुवातीला दुखत नाही. तोंडातला एखादा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर कॅप्सूलवर कॅप्सूल घेऊन वाट पाहायची नाही. तुकडा तपासायला लागला तरी घाबरू नका. लवकर सापडला तर पुष्कळदा तो बरा होतो, उशीर झाला तर जबडा जातो आणि माणूसही.

हे ध्यानात ठेवा

• ताप, गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणं, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काही झालं तर त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा. इथे अँटिबायोटिक जीव वाचवतं.

• दाढ काढल्यावर पहिले 24 तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, गरम खाऊ नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भरा. बोट किंवा काडी घालू नका.

• डॉक्टरांना आपणहून सांगा: गरोदर आहात का, अंगावर पाजता का, मधुमेह आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हृदयाची झडप बदलली आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. रक्ताची गोळी मनाने बंद करू नका.

• हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर दाढ काढण्याआधी नक्की सांगा. या औषधांमुळे काही जणींत जबड्याचं हाड भरत नाही, हे 2003 पासून माहीत झालं आहे.

• अँटिबायोटिक दिलं असेल तर सांगितलं तितक्याच वेळा, तितकेच दिवस घ्या. कमी नाही, जास्त नाही. उरलेल्या गोळ्या वाटू नका.

• खर्चाची भीती असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या दंतविभागात जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या वाट दाखवतील.

हिरडीला स्वतःला भरून घ्यायची अक्कल निसर्गाने दिली आहे. आपण तिच्या वाटेतली घाण काढायची, साखर आटोक्यात ठेवायची, मिश्री सोडायची आणि तिला चार दिवस शांतता द्यायची. गोळी लागेल तेव्हा लागेलच, पण ती कधी लागते हे आपण नव्हे, डॉक्टरांनी तोंडात बघून ठरवायचं. तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात आरशासमोर उजेडात उभं राहून एकदा स्वतःचं तोंड नीट उघडून पाहा. आणि सासूबाईंचंही बघा, त्या आपणहून कधी सांगायच्या नाहीत.